धवलारणीचा गळा

माझ्या सासूबाई धवलारीण आहेत, हे मला लग्न ठरल्यावर कळलं. धवलारीण म्हणजे नेमकं काय, हे त्याच्याही नंतर. मी ठाण्याला वर्तकनगरमधल्या एका कॉलनीत वाढले. आमचं गाव साताऱ्याकडचं, वडील कंपनीत फिटर. लग्न म्हणजे गुरुजी, अंतरपाट आणि हॉलची वेळ संपायच्या आत उरकायच्या पंगती, एवढंच मला ठाऊक. नवरा डोंबिवली पश्चिमेचा, कोपरजवळच्या जुन्या आगरी गावातला. बोलणी करायला आम्ही त्यांच्याकडे गेलो तेव्हा त्याची आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "गो बाय, तुमचा भट येल तो येल. पन धवला मीच गानार."

मला वाटलं, हळदीला बायका म्हणतात तशी चार गाणी असतील. मी मान डोलावली.

लग्नाच्या आदल्या दिवशी मांडवात त्या पाटावर बसल्या, डोळे मिटले आणि गायला लागल्या. भटजी मंत्र म्हणतो तशी आगरी लग्नात धवलारीण गाते. मांडव उभा करताना, हळद दळताना, नवरीला न्हाऊ घालताना, प्रत्येक विधीचा धवला वेगळा. गावोगावच्या देवांना नावं घेऊन लग्नाला बोलवायचं कामही तिचंच. सगळं तोंडपाठ. एक ओळ ती म्हणते, मागच्या बायका ती उचलतात. त्यांचा आवाज गोड म्हणता येईल असा नव्हता. जाड होता, थोडा खरखरीत, पण असा भरीव की माझ्या आईने माझा हात घट्ट धरला. बाहेर डीजेवाल्याने मध्येच गाणं लावलं. सासूबाईंनी गाणं थांबवलं नाही, डोळेही उघडले नाहीत. नुसता हात वर केला. डीजे बंद झाला.

त्या दिवशी मी ठरवलं की या बाईशी आपलं जमणार. आणि जमलंही. मी घोडबंदर रोडवरच्या एका ऑफिसात नोकरी करते. लग्नानंतर ती सोडावी असं घरात कोणी म्हणायच्या आधीच त्यांनी जाहीर करून टाकलं, "मी लग्नाला जातंय, ती हापिसाला जाईल. घरात कोन रवतंय ता बापये बघतील." बापये म्हणजे घरातले पुरुष. सासरे तेव्हापासून कुकर लावायला शिकले.

त्यांचं घोरणं हा आमच्या घरात थट्टेचा विषय होता. त्या स्वतःही हसायच्या. माझी मुलगी लहान असताना शेजारच्या खोलीतून तो आवाज आला की म्हणायची, आजीचा ट्रक निघाला. कोणाला त्यात काही वावगं वाटलं नाही. हळूहळू मात्र त्या दिवसाही पेंगायला लागल्या. भाजी निवडताना डोकं खाली जायचं. पाहुणे बोलत असताना डोळे मिटायचे. सकाळी उठल्या की डोकं जड, कपाळाला फडकं बांधून बसायच्या. बीपीची एक गोळी होती, तिच्या दोन झाल्या. साठी आली, असं सगळे म्हणाले. वजन वाढलंय, असंही म्हणाले. वजन थोडं वाढलं होतं हे खरं, पण त्यांच्या बहिणी त्यांच्याहून कितीतरी जाड होत्या आणि टुणटुणीत होत्या.

एका रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर त्या ओटीवर आडव्या झाल्या. मी जवळच बसून वाल सोलत होते. घोरणं सुरू झालं, चढत गेलं आणि एकदम थांबलं. सासरे खुर्चीत होते. ते म्हणाले, "आथा लागली चांगली झोप." आम्ही नेहमी असंच म्हणायचो. घोरणं थांबलं की शांत झोप लागली. पण त्या दिवशी मी अगदी जवळ होते. मला त्यांचं पोट दिसत होतं. पोट वरखाली होत होतं, जोर लावल्यासारखं, आणि नाकातोंडातून वारा काही येत नव्हता. मी वालाची शेंग हातात धरून बघत राहिले. मग एक मोठा आचका आला, पाण्यातून वर आलेल्या माणसासारखा, आणि घोरणं पुन्हा चालू झालं. थोड्या वेळाने परत तेच.

मी सासऱ्यांना म्हटलं, "बाबा, यांचा श्वास थांबतोय."

त्यांनी खुर्चीतूनच सासूबाईंकडे बघितलं. मग म्हणाले, "थांबतंय ना. रात्री मी ढोसतंय तिला. कुशीवर हो बोल्तंय."

ते कित्येक वर्षं तसं करत होते. कोणाला सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्यांना वाटलंच नव्हतं.

डॉक्टरकडे चला म्हणून मी सासूबाईंच्या मागे लागले. लग्नसराई होऊ दे, असं त्या म्हणत राहिल्या. आणि त्याच सराईत ती गोष्ट घडली. कल्याणजवळच्या एका गावात मांडवाचा धवला होता. सकाळची वेळ. शनिवार असल्यामुळे मी त्यांच्याबरोबर गेले होते. यजमानांनी हौसेने त्यांच्यासमोर माईक ठेवला होता. त्या देवांना बोलवायला लागल्या. गावदेवीचं नाव घेतलं, खाडीकाठच्या देवाचं घेतलं, आणि थांबल्या. बायकांना वाटलं, पुढचं नाव आठवतायत. सगळ्या आदराने वाट बघत होत्या. मग माईकमधून, मांडवाच्या चारही कोपऱ्यांतल्या स्पीकरमधून, घोरण्याचा आवाज आला.

पोरं फिदीफिदी हसली. एक म्हातारी "आगो बाय" म्हणून तोंडावर पदर घेऊन बसली. मी त्यांच्या खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे उघडले, समोरच्या तोंडांकडे बघितलं, काय झालंय ते त्यांना कळलं. चेहरा उतरला. पण त्यांनी बाकीचे देव एकही न गाळता, जिथे सुटलं होतं तिथूनच पुढे बोलावले आणि धवला पुरा केला. आवाज जरासुद्धा हलला नाही.

घरात शिरल्यावर त्या पाय न धुताच ओटीवर बसल्या आणि म्हणाल्या, "देव बोलवता बोलवता निजली मी. आथा नाय जायाचा कुठं."

गावात बोलणं पसरलं. कोणी म्हणालं देवाचा कोप. कोणी म्हणालं पिऊन आलेली. त्यांच्या कानावर गेलं ते. ज्या बाईने आयुष्यात ताडीला हात लावला नव्हता, तिने त्याचा खुलासाही केला नाही. लग्नाचं आमंत्रण घेऊन लोक यायचे, त्यांना चहा द्यायच्या आणि पलीकडच्या गावातल्या दुसऱ्या धवलारणीचं नाव सांगायच्या.

आता त्यांना डॉक्टरकडे न्यायला मला भांडावं लागलं नाही. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी झोपेची तपासणी करायला सांगितली. एक माणूस संध्याकाळी घरी येऊन छातीला पट्टा, बोटाला चिमटा, नाकाशी नळी असं सगळं लावून गेला. रिपोर्ट आला तेव्हा डॉक्टरांनी चष्मा काढून ठेवला. झोपेत घशाची वाट बंद होते, श्वास अडतो, मेंदू दचकून जागं करतो, परत झोप, परत तेच. रात्रभर. याला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि सासूबाईंचा बराच पुढे गेलेला आहे. बीपी त्यामुळेच आटोक्यात येत नाही. "आजी, तुम्ही रात्री झोपतच नाही आहात," ते म्हणाले. "दिवसा झोप येणारच."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडावर जरा उजेड दिसला. म्हणाल्या, "मंजे देवाचा कोप नाय?"

"नाही हो, घशाचा आहे," मी म्हटलं.

पण पुढचं सोपं नव्हतं. नाकातोंडावर मास्क लावून हवेचा दाब देणारं मशीन आणलं. त्यांना लागणारा दाब फार जास्त होता. मास्क लावला की त्या उठून बसायच्या, दोन्ही हातांनी ओढून काढायच्या. "मना कोनीतरी बुरवतंय असा वाटतंय," म्हणायच्या. कोणीतरी बुडवतंय. चार वेगवेगळे मास्क बघितले, जमलं नाही. मग आम्ही एका मोठ्या हॉस्पिटलातल्या सर्जनकडे गेलो. त्यांनी तोंड उघडायला लावून टॉर्च मारला आणि म्हणाले, टाळूचा मागचा भाग सैल आहे, तोच फडफडतो. पडजीभ आणि तो भाग थोडा कापला की काम झालं.

सासूबाईंनी विचारलं, "आवाजाला काय होईल?"

सर्जन वाईट माणूस नव्हते. शांतपणे म्हणाले, "थोडा फरक पडू शकतो. पण तुम्ही काय स्टेजवर गात नाही ना? घरी गुणगुणायला काही अडचण येणार नाही."

बाहेर आल्यावर त्या पार्किंगमध्ये थांबल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, "मी मेली तरी चालंल. गला नाय कापून द्याची."

"आये, असं काय बोलतेस," तो म्हणाला.

माझ्या ऑफिसातल्या एका मैत्रिणीने एक कान-नाक-घशाच्या डॉक्टरबाई सुचवल्या. त्यांचा दवाखाना घोडबंदर रोडवरच होता, माझ्या ऑफिसच्या पुढे दोन सिग्नल. मोठागावचा खाडीवरचा पूल झाल्यापासून आमच्या घरून गाडीने तिकडे जाणं सोपं झालंय. पुलावरून खाडी दिसली की सासूबाई काच खाली करतात. त्यांच्या माहेरचे लोक मिठागरावर काम करायचे. त्या दिवशीही त्यांनी काच खाली केली.

डॉक्टरबाई माझ्याच वयाच्या असतील. बारीक, केस मागे घट्ट बांधलेले, बोलायला सावकाश. त्यांनी आधीचे सगळे कागद वाचले. तेवढ्या वेळात त्यांनी एकदाही फोनकडे बघितलं नाही. मग त्यांनी सासूबाईंना विचारलं, "काय काम करता?"

मी उत्तर द्यायला तोंड उघडलं तर त्यांनी मला हातानेच थांबवलं. सासूबाई म्हणाल्या, "धवले गातंय."

"म्हणजे लग्नातले?"

"तुमाला कसा म्हाईत?"

"माझ्याकडे बाळकुमच्या आगरी बायका येतात ना. म्हणजे गळा हाच तुमचा व्यवसाय."

सासूबाई खुर्चीत जरा सरळ झाल्या.

डॉक्टरबाईंनी त्यांचं तोंड बघितलं, नाक बघितलं, मग बाजूने चेहरा बघितला, हनुवटीला बोट लावून. आणि एक प्रश्न विचारला. माझ्या मते सगळं बदललं ते त्या प्रश्नाने. "वाट नक्की कुठे बंद होते, ते कोणी बघितलंय का?"

कोणीच बघितलं नव्हतं. झोपेच्या तपासणीने श्वास किती वेळा अडतो ते सांगितलं होतं. कुठे अडतो ते नाही. त्या म्हणाल्या की नाकाच्या मागे, टाळूजवळ, जिभेच्या मुळाशी, कुठेही अडू शकतो, एकापेक्षा जास्त ठिकाणीही. "जिथे बंद होतच नाही तिथे मी कापणार नाही. आधी बघू या."

पहिल्यांदा सीटी स्कॅन झाला. त्यासाठी कानातलं सगळं काढायचं होतं, आणि सासूबाईंच्या कानात वरपासून खालपर्यंत सोनं. लग्न झाल्यापासून काही दागिने निघालेच नव्हते. नर्सने साबण लावून एकेक फिरवत काढलं. त्या तोंड वाकडं करून बसल्या होत्या, आणि सगळं निघाल्यावर स्वतःच्या रिकाम्या कानाला हात लावून म्हणाल्या, "आथा माझी मुंडी हलकी झाली." आत गेल्यावर त्यांना सांगितलं, शांत श्वास घ्या, गिळू नका, हलू नका. तपासणी करणारा माणूस नंतर मला म्हणाला की इतकं स्थिर कोणी झोपत नाही. मला आश्चर्य वाटलं नाही. पाटावर तासन् तास मांडी न हलवता बसणारी बाई ती.

दोन दिवसांनी डॉक्टरबाईंनी आम्हाला बोलावलं आणि आपला स्क्रीन आमच्याकडे फिरवला.

असं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं. बाजूने कापल्यासारखा सासूबाईंचा चेहरा होता. हाड पांढरं, मांस करडं, आणि हवा काळी. त्यांनी माउस फिरवला की चित्र एकेका पापुद्र्याने पुढे सरकायचं. मग त्यांनी काहीतरी केलं आणि हाडं, मांस सगळं नाहीसं झालं. उरली फक्त हवेची वाट. नाकापासून खाली घशापर्यंत, निळ्या रंगाची, एखाद्या वेड्यावाकड्या सुरईसारखी. त्यांनी ती गोल फिरवली, समोरून दाखवली, मागून दाखवली. आतापर्यंत मी शरीराचे जे फोटो पाहिले होते ते असलेल्या गोष्टींचे होते. हा पोकळीचा होता. माणूस ज्यावर जगतो ती रिकामी जागा अशी रंग देऊन, मापून समोर ठेवता येते, याचं मला फार नवल वाटलं. अजूनही वाटतं.

वर ती वाट बरी रुंद होती. टाळूच्या मागे थोडी कमी. आणि जिभेच्या मागे आली की एकदम चिंचोळी, नखाएवढी फट.

"खालचा जबडा बघा," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तो जन्मापासूनच जरा मागे आहे. बाहेरून कळत नाही. जीभ त्याला धरूनच असते, त्यामुळे तीही मागे. वजन कमी-जास्त झालं तरी ही जागा मुळातच लहान."

सासूबाईंनी पुढे वाकून विचारलं, "ई मी?"

"हो, तुम्हीच."

"आन् माझा आवाज कंचा यातला?"

डॉक्टरबाईंनी तो प्रश्न गमतीवारी नेला नाही. त्यांनी चित्र खाली सरकवलं आणि स्वरयंत्राची जागा दाखवली. "आवाज इथून निघतो. तुमची वाट अरुंद आहे ती इथे, वर. दोन्हीत एवढं अंतर आहे." त्यांनी बोटांनी ते अंतर दाखवलं. सासूबाईंनी उठून स्क्रीनच्या काचेवर आपलं बोट ठेवलं. आधी खाली, मग वर. आणि हळूच बोट मागे घेतलं, जणू ते चित्र दुखेल.

"मंजे भरतीचा पानी आलाय, पन उघारीच नीट उघरत नाय," त्या म्हणाल्या. मिठागरात खाडीचं पाणी आत घ्यायला बांधाला फळीचं दार असतं, त्याला उघाडी म्हणतात. डॉक्टरबाईंना मी ते समजावून सांगितलं. त्या हसल्या. पण लगेच म्हणाल्या, "मात्र हे जागेपणीचं चित्र आहे. झोपेत स्नायू सैल पडतात. तेव्हा काय होतं, ते या फोटोत नाही. ते बघायला तुम्हाला झोपवावं लागेल."

आपल्या हातातलं साधन काय दाखवतं, हे सांगणारे खूप भेटतात. काय दाखवत नाही, हे न विचारता सांगणारी त्या पहिल्याच.

दुसरी तपासणी सकाळी होती. औषध देऊन हलकी झोप आणायची आणि नाकातून बारीक दुर्बीण घालून कॅमेऱ्याने आतलं बघायचं. जायच्या आधी सासूबाईंनी डॉक्टरबाईंचा हात धरला. "दुर्बिन माझा गला ओरबारनार नाय ना?"

"केसाएवढीही इजा होऊ देणार नाही."

आम्ही बाहेर बसलो. सासरेही आले होते, इस्त्रीचा सदरा घालून. फार वेळ लागला नाही. नंतर, सासूबाई पूर्ण जाग्या होऊन चहा प्यायल्यावर, डॉक्टरबाईंनी आम्हा सगळ्यांना त्याचा व्हिडिओ दाखवला.

गुलाबी, ओला बोगदा. मध्ये काळं भोक, तीच वाट. झोप लागत गेली तशी टाळूची कड फडफडायला लागली. "हा घोरण्याचा आवाज," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आवाज इथलाच आहे. त्या सर्जनचं म्हणणं तेवढं बरोबर होतं. पण बघा, फडफडते, बंद होत नाही." त्यांनी दुर्बीण आणखी खाली गेल्यावरचा भाग लावला. समोरून जिभेचं मूळ सावकाश मागे आलं. काळं भोक अर्धं झालं, चंद्रकोरीएवढं झालं आणि मिटलं. पडद्यावर नुसतं गुलाबी. मला ती रविवारची दुपार आठवत होती. हे रोज आमच्या घरात, भिंतीच्या पलीकडे होत होतं आणि आम्ही म्हणत होतो, लागली चांगली झोप.

मग व्हिडिओत बाहेरून कोणाची तरी बोटं आली असणार, कारण चित्र हललं. "इथे भूल देणाऱ्या डॉक्टरांनी जबडा हाताने जरासा पुढे उचलला," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आता बघा." गुलाबी पडदा पुढे सरकला आणि वाट उघडली. लख्ख, गोल.

सासऱ्यांनी डोळे पुसले. मी नवऱ्याकडे बघितलं नाही. सासूबाई मात्र दुसऱ्या कोणाचा तरी व्हिडिओ बघावा तशा बघत होत्या. "थांब, थांब. ता परत लाव," त्या म्हणाल्या. तो जबडा उचलायचा भाग त्यांनी तीनदा बघितला.

टाळू कापून काही उपयोग झाला नसता, हे आता आमच्यासारख्या अडाण्यांनाही दिसत होतं. आवाज गेला असता आणि श्वास तसाच अडत राहिला असता. डॉक्टरबाईंनी एका दंतवैद्याकडे पाठवलं. त्यांनी दातांचे ठसे घेऊन वरच्या आणि खालच्या दातांवर बसणारं एक उपकरण बनवलं. झोपताना घालायचं. ते खालचा जबडा हळूच पुढे धरून ठेवतं, त्या बोटांनी धरला होता तसा. सासूबाईंचे दात अजून उसाचं कांडं सोलतील असे आहेत, त्यामुळे ते जमलं. त्यांच्या बोलीत घोड्याला घोरा म्हणतात. पहिल्यांदा ते तोंडात घातल्यावर आरशात बघून त्या म्हणाल्या, "घोऱ्याला लगाम," आणि स्वतःच्या विनोदावर इतक्या हसल्या की ते बाहेर पडलं.

पुन्हा तपासणी केली. खूप फरक होता, पण पुरेसा नव्हता. डॉक्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की मशीनही लागेल. मात्र आता वाट थोडी उघडी राहत असल्यामुळे दाब पूर्वीपेक्षा पुष्कळ कमी लागेल आणि तोंड झाकणाऱ्या मास्कऐवजी नाकापुरती बारीक नळी चालेल. मला वाटलं, आता त्या बसणार हट्टाला. पण त्यांनी फक्त विचारलं, "रात्रीच लावाचा की दिवसा पन चालंल?"

"दिवसा कशाला?"

"सवय कराया."

आणि त्यांनी सवय केली. रोज सकाळी घरातली कामं झाली की मशीन ओटीवर आणायच्या, नाकाला नळी लावून बसायच्या. सुरुवातीला थोडा वेळ, मग जास्त. नळी लावलेली असताना तोंड मिटून सूर धरायच्या. शब्द नाही, नुसता सूर. जीव घाबरा झाला की सूर तुटायचा, परत धरायच्या. गल्लीतून जाणाऱ्या बायका थांबून बघायच्या. एकीने विचारलं, "यो काय गो, सोंड लावलीस?" त्या नळी न काढता म्हणाल्या, "हत्तीन झाली मी." मी ऑफिसला निघताना गेटजवळून हे बघायची. वयाच्या साठीनंतर, जी वस्तू छातीवर बसल्यासारखी वाटते तिच्याशी कोणी अशी रोज उठून मैत्री करायला बसतं का? मी कदाचित सोडून दिलं असतं.

फरक पडला तो आम्हाला पहिल्यांदा सासऱ्यांवरून कळला. एका सकाळी ऊन खिडकीतून आत आलं तरी ते उठले नाहीत. हा माणूस रोज कोंबडं आरवायच्या आत अंगणात असायचा. माझा नवरा घाबरून खोलीत गेला. वडील आडवे-तिडवे, तोंड उघडं टाकून गाढ झोपले होते, आणि सासूबाई शेजारी बसून, नळी गळ्यात, त्यांच्याकडे कौतुकाने बघत होत्या. इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कोणाला ढोसायचं नव्हतं.

सकाळची डोकेदुखी गेली. गोळी एक कमी झाली. दुपारचं पेंगणं थांबलं. पण लग्नाला जायला त्या तयार होईनात. "पोरं हसतील," म्हणायच्या. शेवटी दिवा स्टेशनच्या बाजूची एक मुलगी, शिकलेली, बँकेत काम करणारी, स्वतःच्या लग्नाचं आमंत्रण घेऊन आली. तिच्या आईच्या लग्नात सासूबाईच गायल्या होत्या. ती म्हणाली, "मावशी, तुम्ही आलात तरच मांडव."

मी रजा घेतली. मांडवात बायका बसल्या होत्या. सासूबाई पाटावर बसल्या, पण डोळे मिटले नाहीत. सगळ्यांवरून नजर फिरवून म्हणाल्या, "मागं मी देव बोलवता निजली, ता तुमी आयकलंय. मी पिली नवती. देवाचा कोप नवता. झोपंत माझा श्वास बंद व्हायचा. डॉक्टरनी आतला फोटू काढला, सिनेमा काढला. दाखवीन तुमाला. आथा गप बसा."

मग त्या गायल्या. पूर्वी लांब ओळ एका दमात जायची, आता एक-दोन ठिकाणी मध्ये श्वास घेतात. वय आहे. पण आवाज तोच, जाड, भरीव, आणि देवांच्या नावांची लांबच लांब माळ सुरुवातीपासून शेवटपर्यंत अखंड. मी मागच्या बायकांत बसून ओळी उचलत होते. मला सगळे शब्द येत नाहीत, तरी उचलत होते.

जेवणाआधी त्यांनी खरंच माझा फोन मागून घेतला. डॉक्टरबाईंनी तो व्हिडिओ मला दिला होता. हळदीच्या बायकांच्या गराड्यात, हातभर हिरव्या बांगड्यांमध्ये, माझ्या सासूबाईंचा घसा फिरला. "यो बघ, यो बंद झाला. आन् आथा बघ, उघरला." बायका "अगो बाय" म्हणायच्या आणि परत लाव म्हणायच्या. एका रिक्षावाल्याची बायको मला कोपऱ्यात घेऊन विचारत होती, तिचा नवरा सिग्नलला गाडी उभी केली की झोपतो, त्याला कुठे न्यायचं? मी तिला नंबर दिला. सासूबाईंनी तिला वरून दम भरला, "उद्याच ने. रिक्षा त्याला चालवू देऊ नको." तो गेला. त्याच्यानंतर आणखी काही गेले. आता डॉक्टरबाईंकडे कोपर, दिवा, अगदी कल्याणपलीकडूनही पेशंट येतात आणि म्हणतात, धवलारणीने पाठवलं.

गेल्या महिन्यात आम्ही नेहमीच्या तपासणीला गेलो होतो. सगळं ठीक होतं. डॉक्टरबाईंनी कागदावर सही केली, पेन ठेवलं आणि जरा संकोचून म्हणाल्या, "इतके दिवस तुमचा गळा आतून बघतेय. एकदा ऐकवा ना. दोन ओळी."

मला वाटलं, या आनंदाने गातील. ज्या बाईने त्यांचा गळा वाचवला, तिला कोण नाही म्हणेल? सासूबाईंनी पदर सारखा केला आणि प्रेमाने, पण ठाम मान हलवली.

"धवला लग्नाबिगर गायाचा नसतंय, बाय. देव आयकून येतात. उगाच बोलवायचं नाय त्यांना."

डॉक्टरबाई हसल्या. "बरं. माझ्या भाचीचं जमवतायत. आम्ही आगरी नाही, पण चालेल का?"

"देवाला काय त्याचा? तारीख काढा, मी येतंय," सासूबाई म्हणाल्या, आणि उठता उठता दारात थांबून पुढे जोडलं, "पन डीजे नको."